गोव्यातील छोट्या व्यावसायिकासाठी हिशेब आणि जीएसटी: आधी वही, मग विवरणपत्र

छोटा धंदा सुरू करणारे बहुतेक लोक कराची धास्ती घेऊन सल्लागाराकडे धाव घेतात आणि हिशेब मात्र "सवड मिळाली की लिहू" म्हणून बाजूला ठेवतात. शिकण्याचा क्रम याच्या नेमका उलट असायला हवा. जीएसटीच्या विवरणपत्रात जे आकडे भरायचे असतात ते सगळे रोजच्या खरेदी-विक्रीच्या नोंदींतूनच येतात. नोंदी नेटक्या असतील तर विवरणपत्र भरणे हे थोड्या वेळाचे काम ठरते, आणि नोंदीच नसतील तर कितीही जाणता सल्लागार गाठला तरी त्याला अंदाजपंचेच आकडे भरावे लागतात. हा लेख काजूगर-मसाल्याचे दुकान, किराणा, खाणावळ, होमस्टे असा एकट्याच्या किंवा घरच्या माणसांच्या बळावर चालणारा व्यवसाय डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे, आणि वाचकाने वाणिज्य शाखेचे शिक्षण घेतलेले नाही असे गृहीत धरले आहे.

पहिली पायरी: घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा वेगळा करणे

कोणतीही वही उघडण्यापूर्वी धंद्याच्या नावाने बँकेत वेगळे खाते उघडावे आणि दुकानातील क्यूआर कोड त्याच खात्याला जोडावा. एकाच खात्यात विजेचे बिल, मुलांची फी, घाऊक व्यापाऱ्याचे पैसे आणि गिऱ्हाइकांचे यूपीआय भरणे एकत्र झाले की वर्षअखेरीस त्यांची निवड करणे फार त्रासाचे होते.

गल्ल्यातून घरखर्चासाठी घेतलेली रक्कम हा धंद्याचा खर्च नव्हे. ती मालकाची उचल आहे आणि ती उचल म्हणूनच लिहावी. चवथीच्या बाजारासाठी गल्ल्यातून उचललेले पाच हजार रुपये "किरकोळ खर्च" या सदरात गेले, तर त्या महिन्यात धंदा तोट्यात गेल्यासारखा दिसतो आणि खरे कारण कोणाच्याच ध्यानात येत नाही. दुकानातला माल घरी वापरायला नेला तरी हाच नियम लागू पडतो. त्या मालावर आधी घेतलेले कराचे क्रेडिट (खरेदीवर दिलेला कर आपल्या भरायच्या करातून वळता करण्याची सोय) परत करावे लागते, म्हणून घरी गेलेल्या मालाचीही नोंद हवी.

दुसरी पायरी: रोज लिहिण्याच्या वह्या

सुरुवातीला संगणकाची घाई करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पहिले दोन-तीन महिने हाताने वही लिहिली की आकडा कोठून येतो आणि कोठे जातो हे अंगवळणी पडते. त्यानंतर टॅली, एक्सेल किंवा मोबाइलवरील एखादे अॅप वापरले तर त्यातील चुका डोळ्यांना लगेच दिसतात.

रोकड वही ही सर्वांत महत्त्वाची. डाव्या बाजूला आलेली रोख, उजव्या बाजूला गेलेली रोख, आणि रात्री दुकान बंद करताना आरंभीची शिल्लक अधिक जमा वजा खर्च असा मेळ. वहीतील शिल्लक आणि गल्ल्यातील मोजलेली रोकड जुळलीच पाहिजे. फरक पडला तर तो "रोकड फरक" म्हणून त्याच दिवशी लिहून ठेवावा. दुसऱ्या दिवशीच्या विक्रीत तो मिसळून टाकण्याची सवय लागली की वहीवरचा विश्वासच उडतो. एका व्यक्तीला एका दिवशी दहा हजार रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने दिली तर आयकराच्या नेहमीच्या हिशेबात तो खर्च सामान्यतः मान्य होत नाही, म्हणून मोठी देणी बँकेतूनच चुकती करावीत.

खरेदी वहीत प्रत्येक बिलाची तारीख, बिल क्रमांक, विक्रेत्याचे नाव, त्याचा जीएसटी क्रमांक, मालाची करपूर्व किंमत आणि सीजीएसटी (राज्यातल्या राज्यात झालेल्या व्यवहारावरील केंद्राचा कर), एसजीएसटी (त्याच व्यवहारावरील राज्याचा कर), आयजीएसटी (दोन राज्यांमधील व्यवहारावरील कर) यांचे स्वतंत्र रकाने आखावेत. विक्री वहीतही हेच रकाने ठेवावेत. उधारीसाठी प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान द्यावे. साठ्याची वही मात्र लोक हमखास टाळतात, आणि नफा चुकीचा निघण्याचे सर्वांत मोठे कारण हे टाळणेच असते. निदान महिनाअखेरीस शिल्लक माल मोजून, खरेदीच्या भावाने त्याची किंमत मांडावी.

बँकेतील व्यवहारांसाठी महिन्यातून एकदा पासबुक आणि आपली वही शेजारी ठेवून जुळवणी करावी. बँकेने कापलेले शुल्क आणि अजून न वटलेला धनादेश यांमुळे दोन्ही शिलकांत फरक पडतो. तो कशामुळे पडला हे लिहून ठेवले की पुरे.

तिसरी पायरी: नावे आणि जमा

दुहेरी नोंद पद्धतीचा गाभा एकच आहे: प्रत्येक व्यवहार दोन खात्यांना स्पर्श करतो, एक खाते नावे (डेबिट) होते आणि दुसरे तेवढ्याच रकमेने जमा (क्रेडिट) होते. जुन्या मराठी पुस्तपालनातील तीन नियम आजही तंतोतंत लागू पडतात. व्यक्तीच्या खात्यात घेणाऱ्याचे नावे आणि देणाऱ्याचे जमा. मालमत्तेच्या खात्यात येणारी वस्तू नावे आणि जाणारी जमा. नामधारी खात्यात खर्च व तोटा नावे आणि उत्पन्न व नफा जमा.

समजा, डिचोलीच्या एका नोंदणीकृत काजू कारखान्याकडून ४०,००० रुपयांचे काजूगर उधारीवर आणले आणि त्यावर पाच टक्के दराने २,००० रुपये कर लागला. येथे खरेदी खाते ४०,००० रुपयांनी नावे होईल, इनपुट सीजीएसटी खाते १,००० रुपयांनी आणि इनपुट एसजीएसटी खाते १,००० रुपयांनी नावे होईल, आणि कारखान्याचे खाते ४२,००० रुपयांनी जमा होईल. खरेदी खात्यात ४२,००० लिहू नयेत. नियमित करदात्यासाठी (पुढे येणारी कंपोझिशन योजना न घेतलेल्या नोंदणीकृत व्यावसायिकासाठी) तो कर हा खर्च नसून सरकारकडून वळता करून घ्यायची रक्कम आहे, आणि ही एक गोष्ट नीट समजली की जीएसटीचा निम्मा गोंधळ मिटतो.

या नोंदी खतावणीत (खातेनिहाय वहीत) चढवल्या की प्रत्येक खात्याची शिल्लक काढून तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांची यादी) मांडता येते. नावे बाजूची बेरीज जमा बाजूशी जुळली नाही तर कोठेतरी चूक आहे हे नक्की. जुळली तरी चूक नाहीच असे मात्र म्हणता येत नाही, कारण विजेचा खर्च चुकून मजुरी खात्यात गेला तरी तेरीज जुळतेच.

चौथी पायरी: एका महिन्याचा हिशेब शेवटपर्यंत मांडणे

आता तेच उदाहरण पूर्ण करू. म्हापशातील स्वतःच्या जागेतले काजूगराचे एक दुकान घ्या. महिन्याच्या आरंभी २० किलो काजूगर शिल्लक आहेत, भाव किलोला ८०० रुपये, म्हणजे १६,००० रुपयांचा साठा. वरीलप्रमाणे ५० किलो माल कर धरून ४२,००० रुपयांना आला आणि महिन्यातच त्याचे पैसे दिले. बेळगावच्या व्यापाऱ्याकडून ४,००० रुपयांच्या प्लॅस्टिकच्या बरण्या आल्या, त्यांवर अठरा टक्के म्हणजे ७२० रुपये आयजीएसटी लागला, आणि त्या सगळ्या वापरल्या गेल्या. शुक्रवारच्या बाजारादिवशी येणाऱ्या मदतनिसाला महिन्याकाठी ३,००० रुपये मजुरी आणि वीज वगैरे १,००० रुपये असा इतर खर्च झाला. विक्री ६० किलोंची झाली, कर धरून किलोला १,०५० रुपये भावाने, म्हणजे एकूण ६३,००० रुपये हाती आले.

पहिला प्रश्न असा की या ६३,००० रुपयांत कर किती? येथे ६३,००० चे पाच टक्के काढून ३,१५० रुपये लिहिणारे अनेक दुकानदार आढळतात, आणि ते दर महिन्याला विनाकारण जास्त कर भरतात. कर आतमध्येच धरलेला असेल तेव्हा रकमेला ५ ने गुणून १०५ ने भागावे लागते. उत्तर ३,००० रुपये येते. अठरा टक्क्यांसाठी १८ ने गुणून ११८ ने भागावे. म्हणजे खरी विक्री ६०,००० रुपये, त्यावर सीजीएसटी १,५०० आणि एसजीएसटी १,५००.

दुसरा प्रश्न, प्रत्यक्ष भरायचे किती? हाती असलेले क्रेडिट असे आहे: आयजीएसटी ७२०, सीजीएसटी १,०००, एसजीएसटी १,०००. नियमानुसार आयजीएसटीचे क्रेडिट आधी संपवावे लागते आणि ते दोन्हींकडे वळवता येते. त्यातील ३६० सीजीएसटीकडे आणि ३६० एसजीएसटीकडे वळवले, मग सीजीएसटीचे हजार सीजीएसटीसाठी आणि एसजीएसटीचे हजार एसजीएसटीसाठी वापरले, की दोन्हींकडे १४०-१४० रुपये उरतात. रोखीने भरायचे एकूण २८० रुपये. सीजीएसटीचे क्रेडिट एसजीएसटीसाठी किंवा एसजीएसटीचे सीजीएसटीसाठी कधीच वापरता येत नाही, हे लक्षात ठेवावे.

तिसरा प्रश्न, नफा किती? विकलेल्या मालाची किंमत म्हणजे आरंभीचा साठा १६,००० अधिक खरेदी ४०,००० वजा अखेरचा साठा ८,००० (१० किलो), म्हणजे ४८,००० रुपये. विक्रीतून ते वजा केल्यावर १२,००० उरतात; त्यातून बरण्यांचे ४,००० आणि इतर खर्चाचे ४,००० गेले की निव्वळ नफा ४,००० रुपये.

आता गल्ला पाहू. आले ६३,०००, गेले ४२,००० अधिक ४,७२० अधिक ४,०००, उरले १२,२८० रुपये. दुकानदाराला हाती सव्वाबारा हजार दिसतात आणि ते सगळे आपल्या कमाईचे आहेत असे वाटते. त्यातले २८० सरकारचे आहेत, आणि ८,००० रुपये हे साठा वीस किलोंवरून दहा किलोंवर आल्यामुळे मोकळे झालेले जुनेच भांडवल आहे. ते खर्चून टाकले तर पुढच्या महिन्यात तेवढाच माल भरायला पैसे पुरणार नाहीत. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत पर्यटकांच्या गर्दीत भरलेला गल्ला आणि पावसाळ्यात माल भरायला पैशांची ओढाताण, हे चित्र आपल्याकडे अनेक दुकानांत दिसते, आणि पुष्कळदा त्यामागे हाच हिशेब न मांडणे असते. आपल्या स्वतःच्या आकड्यांनी हे उदाहरण एकदा कागदावर सोडवावे, असा माझा आग्रह आहे.

पाचवी पायरी: नोंदणी आणि कंपोझिशन यांचा निर्णय

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. गोव्यात केवळ मालाची विक्री करणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. सेवा देणाऱ्यासाठी ही मर्यादा २० लाख आहे. खाणावळ किंवा रेस्टॉरंट कायद्याच्या दृष्टीने सेवेत मोडते, म्हणून तिला २० लाखांची मर्यादा धरावी. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा झाला तर मर्यादा न पाहता नोंदणी घ्यावी लागते. काही हस्तकलेच्या वस्तूंना यातून सूट आहे. सावंतवाडीच्या दुकानदाराला कोकमाचे सरबत नियमित पाठवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

उलाढाल मोजताना गोव्यात एक बाब हटकून चुकते. माणसाच्या पिण्याचे मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे. त्यावर राज्याचा अबकारी कर आणि व्हॅट लागतो. परंतु नोंदणीची मर्यादा पाहताना मद्याची विक्रीही एकूण उलाढालीत मोजली जाते. फेणी-बिअरची विक्री ३५ लाख आणि त्याच दुकानातील शीतपेये, चिवडा, शेंगदाणे यांची विक्री ८ लाख असेल, तर एकूण ४३ लाख होतात आणि नोंदणी आवश्यक ठरते, जरी जीएसटी फक्त आठ लाखांवरच लागणार असला तरी.

नोंदणी जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर (पोर्टलवर) ऑनलाइन होते आणि तिला सरकारी शुल्क नाही. पॅन, आधार, छायाचित्र, आणि जागेचा पुरावा म्हणून वीजबिल किंवा घरपट्टीची पावती, भाड्याची जागा असल्यास भाडेकरार, हे कागद लागतात. आपल्याकडे वीजबिल अनेकदा आजोबांच्या किंवा वारलेल्या काकांच्या नावावर असते आणि अर्जाला हरकत निघते. म्हणून सध्याच्या मालकांचे संमतिपत्र आणि त्यांचा जागेशी संबंध दाखवणारा कागद आधीच जोडावा. मिळणारा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो: पहिले दोन अंक राज्याचे, गोव्यासाठी ३०, पुढची दहा अक्षरे पॅनची. विक्रेत्याच्या बिलावरील क्रमांक खरा आहे का हे पोर्टलवर कोणालाही तपासता येते, आणि नव्या विक्रेत्याशी व्यवहार सुरू करताना ते जरूर तपासावे.

दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला व उत्पादकाला कंपोझिशन योजना घेता येते. त्यात उलाढालीवर एक टक्का कर स्वतःच्या खिशातून भरायचा, गिऱ्हाइकाकडून कर आकारायचा नाही, खरेदीवरील क्रेडिट मिळत नाही, आणि परराज्यात विक्री करता येत नाही. मद्य न देणाऱ्या रेस्टॉरंटसाठी हा दर पाच टक्के आहे. मद्य विकणाऱ्याला ही योजना मिळतच नाही.

"एक टक्का" ऐकून पुष्कळजण ही योजना लगेच स्वीकारतात. आपल्या काजूच्या दुकानालाच ती लावून पाहा. विक्री ६३,०००, त्यावर कर ६३०. विकलेल्या ६० किलोंची किंमत आता कर धरून ५०,४००, बरण्या ४,७२०, इतर खर्च ४,०००. नफा उरतो ३,२५० रुपये. नियमित पद्धतीत तो ४,००० होता. काजूगरावरचा दर मुळातच पाच टक्के आणि नफ्याचे प्रमाण माफक, त्यामुळे गमावलेले क्रेडिट एक टक्क्याच्या सवलतीला भारी पडते. मालावरील दर अठरा टक्के असेल, नफ्याचे प्रमाण मोठे असेल आणि गिऱ्हाईक थेट ग्राहक असेल, तेव्हा कंपोझिशनचा खरा लाभ होतो. कागदपत्रांचे काम कमी होते हा फायदा आहेच. पण त्याची किंमत आधी मोजून घ्यावी. गिऱ्हाईक नोंदणीकृत दुकानदार असतील तर मात्र त्यांना तुमच्या बिलावर क्रेडिट मिळणार नाही आणि ते दुसरीकडे वळतील.

सहावी पायरी: बिल आणि दर

नियमित करदात्याने करबीजक (कर वेगळा दाखवणारे बिल) द्यावे. त्यावर आपले नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, सलग अनुक्रमांक, तारीख, मालाचे वर्णन, एचएसएन संकेतांक (मालाच्या वर्गीकरणाचा ठरलेला क्रमांक), करपूर्व किंमत, दर आणि कराची रक्कम हवी. अनुक्रमांक सोळा अक्षरांहून मोठा नसावा आणि आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ नये. दोनशे रुपयांखालील किरकोळ विक्रीसाठी, गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल आणि बिल मागत नसेल तर, दिवसअखेरीस एकच एकत्रित बिल केले तरी चालते. कंपोझिशनवाल्याने करबीजक न देता पुरवठा बिल द्यावे, आणि आपण कर आकारण्यास पात्र नसल्याचा ठरलेला मजकूर त्यावर छापावा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दरांची फेररचना झाली आणि बहुतांश वस्तू पाच किंवा अठरा टक्क्यांत आल्या. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बारा टक्के दर राहिला असेल तर तो तपासून बदलावा. पाव करमुक्त आहे. लोणची, जॅम, पाकीटबंद फरसाण पाच टक्क्यांत आहे. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर पाच टक्के कर लागतो, मात्र त्यावर क्रेडिट घेता येत नाही. त्याहून महाग खोलीवर अठरा टक्के.

पर्यटकांना विक्री करणाऱ्याने पुरवठ्याच्या जागेचा नियम नीट समजून घ्यावा. मुंबईचा पाहुणा दुकानात येऊन काजूगर घेऊन गेला आणि बिलावर त्याचा पत्ता लिहिला नाही, तर पुरवठा गोव्यातच झाला असे मानले जाते आणि सीजीएसटी-एसजीएसटी लागतो. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता, किंवा नुसते त्याच्या राज्याचे नाव, बिलावर लिहिले की पुरवठ्याचे ठिकाण ते राज्य धरले जाते आणि आयजीएसटी आकारावा लागतो. कुरियरने माल पाठवताना पत्ता लिहावाच लागतो, तेव्हा आयजीएसटीच लावावा. होमस्टेचा नियम वेगळा आहे: पाहुणा कोठलाही असो, खोली गोव्यात आहे म्हणून सीजीएसटी-एसजीएसटीच लागतो. पत्रादेवी, पोळे किंवा मोले येथून राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांहून अधिक किमतीच्या मालासाठी ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) काढावे.

सातवी पायरी: क्रेडिट जपणे आणि उलटा कर ओळखणे

खरेदीवरील कराचे क्रेडिट मिळण्यासाठी बिल हाती असणे पुरेसे नाही. माल मिळालेला हवा आणि विक्रेत्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलेले हवे. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी दर महिन्याच्या, आणि तिमाही भरणाऱ्यांसाठी तिमाहीनंतरच्या महिन्याच्या, १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी हे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांचे पत्रक तयार होते. ते आपल्या खरेदी वहीशी एकेक बिल घेऊन ताडून पाहावे. एखादे बिल त्यात नसेल तर विक्रेत्याला त्याच आठवड्यात कळवावे, वर्षभर थांबू नये. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत विक्रेत्याचे पैसे दिले नाहीत, तर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. घरच्या वापराच्या वस्तू, चोरीला गेलेला किंवा खराब होऊन टाकून दिलेला माल, फुकट वाटलेले नमुने आणि सर्वसाधारणपणे मालकाची मोटारगाडी यांवर क्रेडिट मिळत नाही.

काही खरेदीत कर विक्रेत्याऐवजी खरेदीदाराला भरावा लागतो. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात, आणि आपल्या भागात दोन प्रसंगी तो नेहमी येतो. सत्तरीच्या किंवा पेडण्याच्या बागायतदाराकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने न सोललेल्या काजूबिया घेतल्या तर त्यावरील पाच टक्के कर व्यापाऱ्याने भरायचा असतो. दुसरा प्रसंग दुकानभाड्याचा. घरमालक नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू नियमित नोंदणीकृत असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यापारी जागेच्या भाड्यावर अठरा टक्के कर भाडेकरूने भरायचा आहे. कंपोझिशनवाल्यांना १६ जानेवारी २०२५ पासून यातून वगळले आहे. हा कर क्रेडिटमधून वळता करता येत नाही, रोखीनेच भरावा लागतो. तो भरल्यावर नियमांत बसत असेल तर त्याचे क्रेडिट घेता येते. अशा व्यवहारांत स्वतःच स्वतःच्या नावे बीजक तयार करावे लागते. घरमालकाने बिलात कर लावला नाही म्हणजे कर नाही, असे समजणाऱ्यांना नंतर व्याजासह भरणा करावा लागतो.

आठवी पायरी: तारखा

पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तिमाही पद्धत निवडता येते आणि छोट्या व्यावसायिकाने ती निवडावी. तिमाही संपल्यावर पुढील महिन्याच्या १३ तारखेपर्यंत विक्रीचे जीएसटीआर-१ आणि गोव्यासाठी २२ तारखेपर्यंत कर भरण्याचे जीएसटीआर-३बी भरावे. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर मात्र पुढील महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनाने जमा करावा लागतो. मासिक पद्धतीत या तारखा ११ आणि २० आहेत. कंपोझिशनवाल्यांनी तिमाहीनंतर १८ तारखेपर्यंत कर भरण्याचे सीएमपी-०८ आणि वर्षानंतर ३० जूनपर्यंत वार्षिक विवरणपत्र जीएसटीआर-४ भरावे.

विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावेच लागते. जून-जुलैत होमस्टे बंद ठेवणारे येथे अडकतात, कारण उशिराच्या प्रत्येक दिवसाला पन्नास रुपये, आणि शून्य विवरणपत्रासाठी वीस रुपये, विलंब शुल्क लागते. शून्य विवरणपत्र मोबाइलवरून एसएमएसनेही भरता येते. थकलेल्या करावर वर्षाला अठरा टक्के व्याज लागते ते वेगळेच.

आयकराशी सांधा

दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या धंद्याला अनुमानित पद्धतीने आयकर भरता येतो: रोखीच्या विक्रीवर आठ टक्के आणि बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के नफा धरून. ही पद्धत घेतली म्हणजे वह्या लिहिण्याची गरज नाही असा समज आहे. जीएसटी नोंदणी असलेल्याला तो लागू पडत नाही, कारण हिशेब ठेवण्याची सक्ती जीएसटी कायद्यात स्वतंत्रपणे आहे.

गोव्यातील विवाहितांसाठी आणखी एक तरतूद आहे, आणि बाहेरच्या सल्लागारांना ती बहुधा ठाऊक नसते. पोर्तुगीज नागरी संहितेनुसार ज्यांच्या मालमत्तेत पती-पत्नीची समाईक मालकी आहे, त्यांचे पगाराखेरीजचे उत्पन्न, धंद्याचा नफा धरून, आयकरासाठी दोघांत निम्मे-निम्मे विभागले जाते. पत्नीने वेगळे विवरणपत्र भरून आपला निम्मा वाटा दाखवायचा असतो. ही विभागणी आयकरापुरतीच आहे. जीएसटीची उलाढाल ज्याच्या पॅनवर धंदा आहे त्याच्याच नावे पूर्ण मोजली जाते.

शिकण्याची साधने आणि सल्लागार

महाराष्ट्राच्या अकरावी वाणिज्य शाखेचे पुस्तपालनाचे मराठी पाठ्यपुस्तक हे या विषयाचे सर्वांत सोपे आणि भरवशाचे साधन आहे. रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंदवही), खतावणी, तेरीज आणि बँक जुळवणी एवढी प्रकरणे उदाहरणे सोडवत वाचावीत. जीएसटी पोर्टलवर दीड कोटींखालील उलाढालीसाठी विनामूल्य हिशेब-सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिलेले आहे. राज्य कर खात्याचे मुख्य कार्यालय पणजीत आल्तिनो येथील विक्रीकर भवनात आहे. सल्लागार नेमला तरी पोर्टलचा पासवर्ड, नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचाच ठेवावा, कारण विभागाच्या नोटिसा तेथेच येतात आणि उत्तराची मुदत त्या दिवसापासून मोजली जाते.

कागद जपून ठेवणे

वह्या आणि बिले वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२५-२६ या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२६ आहे, म्हणून ते कागद ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत ठेवावेत. पेट्रोल पंपावर किंवा सुपरमार्केटमध्ये मिळणाऱ्या चकचकीत थर्मल कागदावरील अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात साध्या कागदालाही बुरशी धरते. बिल हाती आले त्याच दिवशी मोबाइलवर त्याचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे, महिन्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावे आणि त्याची एक प्रत फोनबाहेर दुसऱ्या ठिकाणी जतन करावी. मूळ बिले महिनावार पाकिटांत, जमिनीपासून उंच आणि भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात ठेवावीत.